दादाच्या गच्चीवरची दोन पॅनेलं

दादाच्या गच्चीवरच्या सोलर पॅनेलांवर रस्त्यावरच्या झाडाची सावली पडायची. झाड तोडायची परवानगी देणारी पालिकेची अधिकारी मी, त्याची सख्खी बहीण.

"एक सही तर करायचीय तुला," तो म्हणाला.

"आधी सावली बघते."

दिवसभर मी तासातासाला खडूने सावलीची कड आखत राहिले. दादा वैतागला होता, तरी माझ्या डोक्यावर छत्री धरून उभा राहिला. सावलीत दोनच पॅनेलं येत होती, तीही तीन वाजल्यानंतर.

"झाड हलणार नाही, ही दोन हलतील," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी वायरमनने तारा सोडवल्यावर मी एक बाजू धरली.

"लहानपणापासून हट्टीच तू," असं पुटपुटत दादाने दुसरी उचलली. दोन्ही पॅनेलं टाकीपलीकडे बसली, आणि अर्ज त्याने स्वतःच मागे घेतला.