रेघ फिरतेय तोवर

दुपारी बारालाच हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर भलामोठा काळा पडदा, त्यावर अक्षरं: 'उपचाराचा शोध सुरू आहे'. शेजारी एक छोटी रेघ. उभी, तिरकी, आडवी, पुन्हा तिरकी, अशी गरागरा फिरणारी. दोनशे माणसं तिच्याकडे डोळे लावून बसली होती.

"यंत्र जगातल्या सगळ्या वैद्यांच्या वह्या चाळतंय!" गुरुजी माईकवरून गरजले. "रेघ फिरतेय तोवर शोध चालू. मध्येच कुणी दुसरं औषध घेतलं, की सगळं पुन्हा पहिल्यापासून!"

हे गुरुजी म्हणजे आमच्या ऑफिसातला जुना ऑपरेटर. तिथे याला साधा प्रिंटर धड चालवता येत नव्हता आणि इथे जगातले वैद्य याच्या मुठीत!

पहिल्या रांगेत माझा दादा बसला होता. मधुमेह जुना, आणि सहा आठवडे इन्सुलिन बंद. पायाची जखम काळी पडली होती. वास येऊ नये म्हणून वहिनीने पट्टीवर अत्तर शिंपडलं होतं.

"वहिनी, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"इतके दिवस कळ काढली, आता नाट लावू नका, वन्सं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याहून जास्त लाज वाटली, कारण ती रेघ माझी होती. ऑफिसात मोठा अहवाल तयार व्हायला वीस मिनिटं लागत. पडदा गप्प दिसला की लोक वैतागून मशीन बंद करत आणि केलेलं काम वाया जाई. म्हणून मी छोटा प्रोग्रॅम लिहून ही रेघ फिरती ठेवली. घाईत एक चूक केली: रेघ एकीकडे, काम दुसरीकडे, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. एकदा काम सकाळीच बंद पडलं आणि अख्खं ऑफिस संध्याकाळपर्यंत रेघ बघत बसलं. आम्ही पोट धरून हसलो होतो. ऑपरेटर तेवढा धडा शिकला: रेघ फिरत असली की लोक बसून राहतात.

मी पुढे गेले आणि नेटची वायर उपटली. रेघ फिरतच राहिली.

"आता कुणाच्या वह्या चाळतंय हे?"

"सूक्ष्म लहरी असतात..." गुरुजी चाचरले.

मी दोन कळा दाबून रेघ थांबवली आणि मागचा प्रोग्रॅम पडद्यावर उघडला. जेमतेम आठ ओळी. "बघा. एक रेघ काढा, पुसा. दुसरी काढा, पुसा. बस्स! यात आजार नाही, वैद्य नाही, शोध तर नाहीच नाही."

मागून एक बाई ओरडली, "बंद का केलंत? माझ्या आईच्या उपचाराच्या शोधाचा चौथा महिना चालू होता!"

"पुन्हा लावा हो!" वहिनी रडत म्हणाली. गुरुजींनी एक कळ दाबली. दोनशे जणांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

दादाला मी जवळजवळ ओढतच नेलं. शुक्रवारी त्याचा पाय गुडघ्याखालून काढला. "तीन आठवडे आधी आणलं असतं तर वाचला असता," डॉक्टर म्हणाले. यंत्र मी मध्येच तोडलं म्हणून पाय गेला, असं वहिनी भेटेल त्याला सांगते. दादा शेजारी बसून मान डोलावतो.

हॉल आजही रोज भरतो. मला फारशी आशा नाही, तरी सांगते. कुणी तुम्हाला नुसतं थांबायला सांगत असेल, तर आत काय काम चाललंय ते दाखव म्हणा. दाखवता आलं नाही, तर उठा आणि डॉक्टरांकडे जा. स्वतःच्या पायांनी जाता येतंय तोवर जा.