मुनीराच्या वहीत नसलेले शब्द

मी मुनीराची इंग्रजी शब्दांची वही बोलतेय. दोनशे पानी, तांबड्या पुठ्ठ्याची, आणि तोंडानं जरा फटकळ. आज मात्र मला माझीच लाज वाटतेय.

आखातातल्या मुहर्रक शहरातल्या एका छोट्या दुकानातून हेमानं मला आणलं. हेमा पुण्याची, इथं बँकेत नोकरीला. तिच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये ताश्कंदची मुनीरा राहायला आली. जन्मापासून रशियन बोललेली, इंग्रजीचा गंधही नाही. नवरा फारुख जहाजावर इंजिनियर, महिनोन् महिने समुद्रात. आणि मुनीराला सहावा महिना! दवाखान्यात एकटीनं बोलायचं तर चार शब्द हवेत, म्हणून मी आले.

हेमानं पहिल्या पानावर 'श्री' काढला. डावीकडे ती इंग्रजी शब्द लिहायची, उजवीकडे मुनीरा रशियन. मिल्क, ब्लँकेट, डॉक्टर, संडे. हेमा चित्रंही काढायची. तिची गाय बघून मुनीरा पोट धरधरून हसायची. दर शुक्रवारी शिकवणी. सगळ्यात आधी घोकून घेतलं ते 'हाऊ आर यू?' आणि त्याचं उत्तर, 'आय ॲम फाइन, थँक यू.' मुनीरा ते न अडखळता म्हणाली की हेमा टाळ्या वाजवायची. मीही फुगायचे, खोटं कशाला बोलू!

एका शुक्रवारी मुनीरानं फोनवर दोन रशियन शब्द टाइप करून हेमापुढे धरले. स्क्रीनवर इंग्रजी आलं, 'पेन' म्हणजे वेदना, आणि 'ब्लीडिंग'. ते तिला माझ्यात लिहून हवे होते. हेमानं फोन पालथा घातला.

"नको गं बाई! पोटुशी बाईनं असलं अभद्र लिहू नये," ती मराठीतच म्हणाली, आणि त्या जागी 'हॅपी' लिहून मोकळी झाली. वर बजावलं, "नो फोन. तोंडानं बोलायचं."

मुनीरानं गुपचूप मान हलवली. हेमाच्या मनात वाईट नव्हतं हो. तिच्या घरात पोटुशी बाईला असंच जपतात. वहीला कोण विचारतं?

आठव्या महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी मुनीरा घाबरीघुबरी झाली. आदल्या दुपारपासून पोटातलं बाळ हललं नव्हतं. तिनं हेमाचं दार वाजवलं. हेमा बँकेत गेलेली, फोन उचलेना. मग मला मांडीवर उघडून तिनं दवाखान्यात फोन लावला.

"बेबी," ती म्हणाली. "डॉक्टर. टुडे."

पलीकडची नर्स बिचारी सावकाश विचारत होती. "एनी पेन? एनी ब्लीडिंग? बेबी मूव्हिंग?"

फोन कानाला लावलेला, ऐकलेल्या शब्दाचं स्पेलिंगही कळेना; मुनीरा माझी पानं भराभरा उलटू लागली. कुठून सापडणार? मी सगळी गोडगोड भरलेली! नर्सनं शेवटी विचारलं, "हाऊ आर यू, मॅडम?"

हे तिला येत होतं. पाठ होतं. "आय ॲम फाइन, थँक यू."

"ओके. देन कम संडे."

संडे माझ्यात होता. डॉक्टरकडचेच रविवारी या म्हणतात, म्हणजे काळजीचं नसेल, असं धरून तिनं हेमाचं दारही पुन्हा वाजवलं नाही, पोटावर हात ठेवून बसून राहिली. मला तेव्हा गळा असता तर मी अख्खी बिल्डिंग गोळा केली असती.

शुक्रवारी संध्याकाळी हेमा शिकवायला आली. मुनीरानं तिचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. हेमाचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं मुनीराला तशीच गाडीत घातली. मी मुनीराच्या हातातच राहिले.

डॉक्टर मशीनच्या पडद्याकडे खूप वेळ बघत होत्या. मग एकच शब्द बोलल्या. मुनीराला तो कळला नाही. तिनं माझं कोरं पान उघडून पेन पुढे केलं.

"नको, डॉक्टर, प्लीज!" हेमानं पानावर हात ठेवला. मुनीरानं तो हात बाजूला केला. डॉक्टरांनी शब्द लिहिला. मुनीरानं तो फोनवर टाइप केला, रशियन उत्तर वाचलं, आणि उजवीकडे उतरवून घेतलं.

बाहेर हेमानं विचारलं, "काल आणलं असतं तर?" डॉक्टर म्हणाल्या, "कदाचित."

मुलगी होती. फारुख पोचेपर्यंत तिला पुरलंसुद्धा. पुढच्या आठवड्यात तो मुनीराला ताश्कंदला घेऊन गेला. जाताना तिनं मला हेमाच्या हातात दिलं.

आता मी हेमाच्या कपाटात असते. ती मला काढते, ते एकच पान उघडते आणि रडते. तिला दोष देऊन माझं पाप फिटत नाही. तुम्हाला एवढंच सांगते, परक्या मुलखात आलेल्या कुणाला भाषा शिकवायला बसाल, तर आधी त्याला दुखतंय म्हणायला शिकवा. हसायचं काय, ते तो नंतर शिकेल. मुनीरानं मागितलं होतं हो. मागूनही आम्ही तिला दिलं नाही.