दोन आदेशांची शाळा

अळणावरच्या पुढं, रानाच्या कडेला एक वाडी आहे. तिथल्या मराठी शाळेत योगिता एकटीच शिक्षिका, मुलं नऊ. दहाच्या आत पट असलेल्या शाळा बंद करायच्या, असा आदेश निघाला, तेव्हा ती धारवाडला मळमड्डीत वादिराज वकिलांकडे आली. दुसरी शाळा चार किलोमीटरवर होती, आणि वाट जंगलातली.

"हा कायदा झालाय का, सर?"

"नाही. कायद्याला विधानसभा लागते, चर्चा लागते. आदेशाला सही पुरते," वादिराज म्हणाले. "पण आदेशाला कायद्याबाहेर जाता येत नाही. मुलाला घराजवळ शाळा हवी, हे कायद्यात आहे. तिथंच धरू."

याचिका दाखल झाली, स्थगिती मिळाली. मग तारखा सुरू झाल्या. आठव्या तारखेला सरकारी वकील उठले आणि म्हणाले, "आदेश मागे घेतलाय." न्यायाधीशांनी याचिका निकाली काढली. सगळं दोन मिनिटांत आटोपलं.

दोन महिन्यांनी दुसरा आदेश आला. 'बंद'च्या जागी 'विलीन' होतं, दहाच्या जागी बारा.

"तेच की हे!" योगिता म्हणाली.

"तेच. पण कागद नवा, म्हणून याचिकाही नवी." वादिराजांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पालकांच्या सह्या पुन्हा आणा, बाई."

ती घरोघरी फिरली. भीमराव शेतकऱ्याच्या दोन्ही मुली तिच्याच शाळेत होत्या.

"सही करतो की अक्का," तो म्हणाला. "पण पोरींना अळणावरला मावशीकडं ठेवलंय. शाळा आज हाय, उद्या न्हाई. किती दिवस वाट बघायची?"

तिनं सह्यांचा कागद पुढं केला. त्याला दोष तरी काय द्यायचा?

दुसरी लढाई अकरा महिने चालली. या वेळी कोर्टानं आदेश रद्द केला. निकालाची प्रत हातात पडली त्या दिवशी पटावर दोनच मुलं उरली होती.

संध्याकाळी ती भीमरावाच्या शेतावर गेली. "शाळा राहिली, अण्णा. आणता का पोरींना?"

"परीक्षा होऊ दे. मग बघू."

"बघा," ती म्हणाली. पाय भरून आले होते, म्हणून ती तिथंच बांधावर बसली. भीमरावानं पाण्याचा तांब्या आणून दिला.