अंजलीबाईंची तबकडी

द्वारका चौकातल्या दुकानात भिकननं दोन जुनी यंत्रं काउंटरवर ठेवली आणि फडक्यानं पुसली. दोन्ही तबकडीवरचं गाणं कॉम्प्युटरशिवाय सीडीवर उतरवणारी.

“नाना, याला प्लेयर वरच बसवलाय. तबकडी ठेवा, लाल बटण दाबा, संपलं. हा दुसरा नुसता रेकॉर्डर. याला तुमचा घरचा प्लेयर जोडायचा, आवाजाची लेव्हल हातानं लावायची, लाल दिवा लागला की कमी करायची. कटकट जास्ती.”

“मग पहिलंच दे,” बुद्धभूषणनाना म्हणाले. “चौदा एप्रिलला विहारात तिचं गाणं वाजलं पाहिजे, बस्स.”

त्यांची सून तेजल कडेवरच्या रुद्रला थोपटत मागे उभी होती. ‘तिचं’ म्हणजे अंजलीबाईंचं. वस्तीतल्या गायन पार्टीत त्या कोरसला असत, आणि पार्टीची एकच तबकडी निघाली होती. तेजल घरात आली तेव्हा अंजलीबाई नव्हत्या. सुई मिळेना म्हणून प्लेयरही मुका होता. नवी सुई गेल्या महिन्यात मिळाली.

“तबकड्या सपाट आहेत ना पण?” भिकननं विचारलं. “याचा सुईचा हात हलका. वाकडी असली की सुई उडते.”

“माझ्या तबकड्या?” नाना हसले. “बायकोला एवढं जपलं नाही रे.”

तेजलचा थोपटणारा हात थांबला. गेल्या उन्हाळ्यात रुद्र रांगत जाऊन तबकड्या ओढायचा, म्हणून तिनं त्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नेल्या होत्या. “उभ्याच ठेव हं, पुस्तकांसारख्या,” नाना म्हणाले होते. तिनं घाईत आडव्या ठेवल्या, वर रुद्रचा पाळणा चढवला. अख्खा मे महिना. परवा काढल्या, तर अंजलीबाईंची तबकडी तव्यावरच्या पापडासारखी कड उचलून बसलेली. तिनं ती गुपचूप कव्हरात सरकवली. तेव्हापासून नानांच्या भाकरीवर तूप जरा जास्तच पडत होतं, आणि नाना आपल्या मुलाला, संतोषला सांगत होते, “नशीब काढलंस, असली बायको मिळाली.”

आता गप्प राहिलं तरी चालणार होतं. सुई उडाली असती, नानांनी यंत्राला नाहीतर भिकनला शिव्या घातल्या असत्या. तिला कुणी विचारलंही नसतं.

“बांधू का?” भिकन म्हणाला.

“नको.” तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “नाना, एक तबकडी वाकलीय. मी आडव्या ठेवल्या होत्या. वर पाळणा ठेवला.”

भिकन पुसलेलंच यंत्र पुन्हा पुसू लागला.

“कुठली?”

“आईंची.”

नानांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते भिकनला म्हणाले, “घरच्या प्लेयरचा हात जड आहे. पेलेल?”

“डुलेल. उडणार नाही बहुतेक.”

“मग तो नुसता दे.”

रिक्षात रुद्रनं नेहमीसारखे हात पुढे केले, पण आज नानांच्या मांडीवर खोका होता.

घरी त्यांनी वायरी स्वतःच जोडल्या. मग हाक मारली, “तेजल, ये. तू आडवी ठेवलीस ना? सुईही तूच ठेव.”

तिनं हळूच सुई टेकवली. प्लेयरचा हात होडीसारखा वर-खाली होऊ लागला. खरखर झाली, मग बायकांचा कोरस आला. त्यात एक बारीक, टोकदार आवाज.

“ती,” नाना म्हणाले.

सासूबाईंचा आवाज तेजल पहिल्यांदाच ऐकत होती. दर फेऱ्याला तो लटपटत होता, तिच्यामुळे. तिचे डोळे भरून आले, लेव्हलचे दिवे एकमेकांत मिसळले.

“रडायचं नंतर,” नाना घोगऱ्या आवाजात म्हणाले. “आधी लेव्हल बघ. लाल दिवा लागतोय.”