रिकाम्या सोळा मात्रा

मास्तर इस्पितळात गेले छातीसाठी आणि अडकले मानेत. जिना चढताना छाती भरून यायची, म्हणून तपासण्या झाल्या. हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या आणि बायपास ठरली. तेवढ्यात बायकोने, कुणी विचारलेलं नसताना, डॉक्टरांना सांगून टाकलं, "मागच्या महिन्यात कार्यक्रमात यांच्या डाव्या हातातली ड्रमची काठी गळून पडली. पाच मिनिटं हात लुळा होता. मला म्हणाले, घामाने सटकली." झालं! मानेची सोनोग्राफी केली, तर मेंदूकडे जाणारी उजवी रक्तवाहिनी जेमतेम दोरा जाईल इतकीच उरलेली. दुष्काळात तेरावा महिना.

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. एकेचाळीस वर्षं ते बँडमध्ये ड्रम वाजवत होते आणि ताल चुकणाऱ्याकडे असे बघत, की त्याला शाळा आठवावी. म्हणून मास्तर.

मानेची शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाची होती. ती म्हणाली, "हृदयाच्या ऑपरेशनात रक्तदाब खाली-वर होतो. तेव्हा ही नळी दगा देऊ शकते. सगळ्यांचीच मान आधी उघडावी लागत नाही, पण तुमच्या हाताने एकदा इशारा दिलाय. म्हणून आधी मान, काही आठवड्यांनी हृदय."

"आणि मानेच्या ऑपरेशनातच हात गेला तर?"

"थोडा धोका आहे," तिने लपवलं नाही. "म्हणून तर तुम्हाला जागं ठेवणार."

मास्तरांनी हाय खाल्ली. हृदय बंद पडलं तर पडलं, पण एका हाताचा ड्रमवाला होऊन जगायचं? ते बायकोला तसं म्हणालेही.

"छान! म्हणजे मी विधवा झाले तरी चालेल, तुमचा ठेका तेवढा चुकायला नको," ती म्हणाली आणि सहीसाठी पेन त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

ऑपरेशनच्या दिवशी मान बधिर केली. तोंडाशेजारी हिरव्या कापडाचा तंबू उभा राहिला. सिस्टरने त्यांच्या डाव्या हातात पिवळं रबरी बदक ठेवलं.

"आता नळीला चिमटा लावते," तंबूपलीकडून डॉक्टर म्हणाली. "ती साफ होईपर्यंत मेंदूला दुसऱ्या वाटांनी रक्त पुरतंय की नाही, ते आम्हाला बदक सांगणार. दाबत राहा."

मास्तरांनी दाबलं. बदक चिरकलं. पुन्हा दाबलं. पण उगीच, कसंही, कधीही दाबायचं? एवढी वर्षं वाजवलेल्या माणसाला ते कसं जमणार? त्यांनी मनातल्या मनात बँडची शेवटची धून धरली आणि बदक असं तालात बोलू लागलं, की सिस्टरचा पाय हलायला लागला. खोलीत सगळे खूश. मास्तर तर इतके रंगले, की आपली मान उघडी आहे हेच विसरले.

आणि एकाएकी बदक गप्प झालं.

"मास्तर, दाबा," डॉक्टर म्हणाली. काही नाही. "मास्तर! ऐकू येतंय का? बोला काहीतरी!"

मास्तर एक शब्द बोलेनात. सिस्टरचं धाबं दणाणलं. "तात्पुरती नळी द्या, लवकर! रक्त चालू करायला हवं," डॉक्टरने हात पुढे केला. नळी तिच्या बोटांत आली, तेवढ्यात बदक खणखणीत चिरकलं.

"का थांबला होतात?" तिने विचारलं.

"थांबलो कुठे? मोजत होतो," मास्तर म्हणाले. "तिथे सोळा मात्रा ट्रंपेट एकटा वाजतो. मध्ये बोललं की मोजणी चुकते."

डॉक्टर मोठा श्वास घेऊन म्हणाली, "मास्तर, आज ट्रंपेटवाला आलेला नाही. त्याचंही तुम्हीच वाजवा." सगळी खोली हसली. मास्तरांना मात्र आपण पोरीला किती घाबरवलं ते कळलं आणि मनापासून लाज वाटली. चिमटा निघेपर्यंत त्यांनी एकही मात्रा रिकामी सोडली नाही.

दुपारी बायकोला आत सोडलं. मानेला पट्टी, नळ्या, डोक्यामागे टिकटिकणारं यंत्र. डॉक्टरने दोन्ही हात वर करायला लावले, दोन्ही झाले, आणि हृदयाच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यात मिळेल असं सांगून ती हसत गेली. तरी बायकोची नजर डाव्या हातावरून हलेना. लग्न झाल्यापासून ती या हातावर ओरडत आली होती. ताटावर वाजवू नका, दारावर वाजवू नका, झोपेत माझ्या पाठीवर तर मुळीच वाजवू नका. म्हणून मास्तरांनीही आज शहाण्यासारखा तो चादरीवर गप्प ठेवला होता.

"अहो," ती म्हणाली. "वाजवा ना जरा."

मास्तरांनी तिचा तळहात ओढून घेतला आणि त्यावर डाव्या हाताच्या चार बोटांनी ठेका धरला.

"जोरात," ती म्हणाली.