कुलूपकरांचं दार

"खुनी आहेत तुमचे कुलूपकर! सरळसरळ खुनी!" वहिनीने कंट्रोलर सोफ्यावर आपटला. शेजारी झोपलेलं मांजर उठून स्वयंपाकघरात निघून गेलं.

धाकट्या दिराला याची सवय होती. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की दोघं टीव्हीवर गेम लावून बसत आणि खाणीच्या दारापाशी आले की भांडत. त्या गेममधल्या नगरीखाली एक खाण होती आणि नगरीत दोन पंथ. खाणीत विषारी धुकं शिरतं तेव्हा कुलूपकर दार लावून घेतात आणि चाळीस कामगार आतच राहतात. मशालवाले त्या चाळिसांची गाणी गातात आणि कुलूपकरांशी हाडवैर धरतात. वहिनी पहिल्या दिवसापासून मशालवाल्यांची.

"नऊ हजार माणसं वाचली, वहिनी."

"आत तुमचा भाऊ असता तर मोजली असतीत का नऊ हजार?"

"आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं," मटार सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या. "अगं, खोटी माणसं ती. त्यांच्यापायी खऱ्या दिराला कशाला खातेस?"

पण वहिनीचा राग खोट्या माणसांपुरता नव्हता. ती लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मेकॅनिक होती. तिथे तिला सगळे पान्हेवाली म्हणत. आठ दिवसांपूर्वी एका इमारतीत लिफ्टचं दार सफाईवालीच्या मनगटावर मिटलं आणि हाड मोडलं. मध्ये हात आला की दार मागे सरकायला हवं, ते सरकलं नाही. तपासणीच्या वहीत त्या रकान्यात बरोबरची खूण होती आणि सहीची जागा कोरी. खूण वहिनीची होती. घाईत तिने दारात हात घालून पाहिलंच नव्हतं. तपासणीच्या दिवशी तिथल्या लिफ्ट तिने आणि कंपनीतल्या जुन्या मेकॅनिक काकांनी वाटून घेतल्या होत्या, पण इमारत काकांच्या नावावर. म्हणून साहेबांनी काकांना घरी बसवलं. ज्यांनी तिला पान्हा धरायला शिकवलं, ते काका. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर गप्प. उद्या चौकशी होती. काकांची नोकरी जाणार हे शिपायालाही ठाऊक होतं.

आठ दिवस ती सगळ्यांवर चिडत होती. साहेबांवर, त्या वहीवर, हात मध्ये घातलाच कशाला म्हणून सफाईवालीवरसुद्धा. आज कुलूपकर तावडीत सापडले होते.

"माणसं आत कोंडून यांना झोप तरी कशी लागते?"

"तुम्ही ते दार आमच्या बाजूने कधी पाहिलंय?"

"त्या कसायांच्या बाजूला मी कशाला मरायला जाऊ?"

"तीन वर्षं शिव्या घालताय आणि दार एकाच बाजूने पाहिलंय!" दिराचाही आवाज पहिल्यांदाच चढला. त्याने आपला खेळ उघडला आणि तिला नगरीच्या बाजूने खाली नेलं. दारावर वरपासून खालपर्यंत नावं कोरलेली होती.

"मेलेल्यांची?"

"लावणाऱ्यांची. ज्याने ज्याने अडसर ओढला, त्याने स्वतःचं नाव कोरायचं. त्याशिवाय कुलूपकर होताच येत नाही. आता खाली बघा."

दारापाशी विझलेल्या मशालींचा ढीग होता.

"या तुमच्या लोकांच्या. दार लावायचं का, असं सगळ्यांना विचारलं होतं. तुमच्या लोकांनी आधी मशाली विझवल्या, 'लावा' म्हणून कुणाचे हात वर गेले ते दिसू नये म्हणून. आणि उजाडल्यावर गाणी!"

वहिनीचे कान तापले. "नाव कोरलं म्हणून मेलेले उठून बसले का? पाप फिटलं?" ती इतकी ओरडली की सासूबाईंच्या हातातली शेंग खाली पडली.

"नाही फिटत. पण दुसऱ्याच्या माथी तरी जात नाही."

त्याच्या कानाखाली एक वाजवावी असं तिला वाटलं. त्याला कामावरचं काही म्हणजे काही माहीत नव्हतं, याचा तर जास्तच संताप आला. ती न्हाणीघरात गेली, नळ पूर्ण सोडला आणि बादली भरून वाहायला लागली तरी तिथेच उभी राहिली.

सोमवारी साहेबांच्या खोलीत काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. वही टेबलावर उघडी होती. पान्हेवालीला साक्षीला बोलावलं होतं.

"मुकाट्याने कबूल करा, काका," साहेब म्हणाले. "मग मला तुमच्यासाठी काही करता येईल."

तिने वही ओढली, टेबलावरचं पेन उचललं आणि कोऱ्या जागेत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. एवढ्या जोरात की कागद फाटला.

"खूण माझी आहे. दार मी तपासलंच नव्हतं. लावा काय चौकशी लावायची ती!"

काकांनी वही आपल्याकडे वळवून ते नाव वाचलं. ते पाठीवर हात ठेवतील असं तिला कुठेतरी वाटलं होतं. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"आठ दिवस," ते म्हणाले. "आठ दिवस बायको विचारतेय, तुमच्याच हातून झालं का हो? काल मी तिला हो म्हणालो. मला तसं आठवायलासुद्धा लागलं होतं, पोरी."

त्यांनी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं, त्याला टोपण लावलं आणि साहेबांपुढे ठेवलं. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.