जांभळ्या पुट्टीवरचा अंगठा

रविवार, सकाळचे साडेदहा. स्वयंपाकघराचा ओटा, खिडकीखालची बाजू. माझ्या पोटात औषध घातलेलं खारं पाणी, त्यात प्रवाळाची एक फांदी आणि तळाशी बेचाळीस किडे.

मी वाडगा बोलतोय. चिनी मातीचा, पांढरा, काठाचा टवका उडालेला. या घरात अकरा वर्षं माझ्यात द्राक्षं धुतली गेली. माझा गुन्हा एवढाच की मी पांढरा आहे आणि पांढऱ्यावर घाण लपत नाही. म्हणून बाबांनी मला उचललं.

बाबा दातांच्या कवळ्या बनवतात. दिवाणखान्यात त्यांची खाऱ्या पाण्याची चार फुटी काचेची टाकी आहे. तिच्यात एक हिरवं प्रवाळ होतं. लेक आठ वर्षांची असताना तिनं नखाएवढा तुकडा आणून ते लावलं होतं. लेक नोकरीला लागली तोवर ते माझ्या तोंडाएवढं झालं होतं. पहिल्या पगारातून तिनं बाबांच्या वाढदिवसाला दुसरं प्रवाळ आणलं, निळ्या टोकांचं. चार महिन्यांत हिरव्यावर पांढरे गोल डाग पडले. चावल्याचे.

किड्यांचं वर्णन सभ्य शब्दांत होत नाही, पण करतो. शेंबडाचा थेंब सपाट करून त्याला जीव दिला तर जे होईल, ते. प्रवाळाचं मांस खातात आणि त्याचाच रंग अंगावर घेतात, म्हणून टाकीत दिसत नाहीत. बाबांनी रबरी पिचकारीनं फांदीवर पाणी मारलं तसे ते सुटले आणि वळवळत माझ्या तळाला आले. माझ्या अंगाला चिकटले. आजही आठवलं की शिसारी येते.

"आणलंस तेव्हा औषधात बुडवलं होतंस का?" बाबांनी लेकीला विचारलं.

"दहा मिनिटं. याच वाडग्यात. तेव्हा एकही पडला नव्हता."

"मग हे काय आभाळातून आले?"

लेकीचे डोळे हिरव्या फांदीवर.

आईनं भाजीची सुरी खाली ठेवली. "तिच्यावर कशाला ओरडताय? नवीन आणलेलं महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवायचं असतं, हे तुम्हीच सांगता ना? कुठंय ती टाकी?"

"कामाच्या खोलीत."

"हो ना. त्यात तुमच्या कवळ्यांचे साचे दात विचकत बसलेत. तिनं मागितली तेव्हा म्हणालात, बघू पुढच्या आठवड्यात. आणि हा वाडगा पुन्हा माझ्या ओट्यावर दिसला तर तुम्हालाच बुडवीन त्यात!"

बाबांनी पिचकारी पुन्हा भरली. पण लेकीला जे लागायचं ते लागलं होतं. आपण बापाला भेट म्हणून रोग दिला, असं तिनं धरून ठेवलं.

औषधानं किडे मरतात, अंडी मरत नाहीत. अंड्यातून नवे बाहेर पडतात, म्हणून दर सहा दिवसांनी पुन्हा तेच. हिरवं प्रवाळ दगडाला घट्ट धरून होतं. लेकीनं स्वतः छिन्नी घेतली आणि बारा वर्षं वाढवलेलं ते तोडून काढलं. तुकडे एकेक करून माझ्यातल्या औषधात ठेवले. दर खेपेला माझ्या तळाशी किडे, वर मेलेल्या मांसाचा चिकट थर आणि नाक दाबायला लावणारा वास. मला घासून ठेवत, पण मला काही मी स्वच्छ वाटलो नाही.

पाचव्या खेपेला निळं प्रवाळ माझ्यात उलटं पडलं. त्याच्या बुडाला जांभळी पुट्टी होती. दुकानात तुकडे बसवायला वापरतात तीच. बाबांनी कवळीच्या कामाची बारीक सळई तिच्या कडेला घातली. एक खपली निघाली. ती उलटवून त्यांनी भिंगाखाली धरली आणि कितीतरी वेळ खालीच ठेवली नाही.

"इकडे ये," ते लेकीला म्हणाले. "हे काय दिसतंय?"

"बारीक खड्डे आहेत. ओळीनं."

"अंड्यांचा ठसा आहे. रिकामी टरफलं अजून खाली चिकटलीत, पिल्लं कडेच्या फटीतून निसटली. पुट्टी ओली असताना अंड्यांवर दाबली, म्हणून ठसा उमटला. हिरड्यांचा ठसा मी रोज असाच घेतो." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "कुणीतरी अंडी बघितली आणि खरवडायच्या ऐवजी झाकली. किडे धुऊन टाकले, म्हणून तुला काही दिसलं नाही. तुझं काही चुकलं नाही, बाळा. वेगळ्या टाकीचं चुकलं, ते माझं."

लेक पहिल्यांदा रडली. माझ्यातच, नळाखाली तोंड धुण्याच्या निमित्तानं.

दुसऱ्या दिवशी मला टॉवेलात गुंडाळून दुकानात नेलं. आत ती खपली.

"काका, आम्ही सगळा माल धुऊनच देतो," दुकानदार गोड हसला. "अंडी तुमच्या टाकीत घातली असतील."

"पुट्टी उचलून आत घातली का?" लेकीनं विचारलं. "आणि परत दाबून बसवली?"

"माल घरी गेला की आमची जबाबदारी नसते, ताई."

"मग हा कुणाचा?"

तिनं खपली पालथी केली. वरच्या बाजूला अंगठा उमटला होता, रेघांसकट. तिनं आपला अंगठा शेजारी धरला. अर्धासुद्धा भरला नाही. बाबांनी आपला धरला. वर्षानुवर्षं कवळ्या घासून त्यांच्या अंगठ्यावर एक रेघ उरलेली नाही.

दुकानदारानं दोन्ही हात खिशात घातले. त्याच्यामागच्या काचेत लहान लहान प्रवाळं ओळीनं उभी होती, सगळी ताज्या जांभळ्या पुट्टीवर. एक बाई आपल्या मुलासाठी त्यातलं एक पसंत करत होती. लेकीनं तिला सांगितलं. बाईनं आधी दुकानदाराकडे पाहिलं, मग माझ्यात.

हिरव्या प्रवाळाच्या तीन फांद्या वाचल्या. वेगळ्या टाकीतून साचे निघाले आणि त्या फांद्या तिथं गेल्या. मी आता कामाच्या खोलीत फळीवर असतो. द्राक्षं माझ्यात पुन्हा येणार नाहीत, आणि येऊही नयेत. खपली माझ्या तळाशी आहे. दुकानाला दोनदा लेखी विचारलं. तिच्यावरचा अंगठा कुणाचा, हे अजून कुणीही सांगितलेलं नाही.